घरपट्टीची नोटीस आली तर

वाढीव घरपट्टीची नोटीस आली की आपण म्हणतो, ‘कर फार झाला!’ एवढ्याने काही हलत नाही. हरकत घ्यायची ती रकमेवर नव्हे, ती रक्कम ज्या नोंदीवरून काढली त्या नोंदीवर.

आमच्या नोटिशीत खालच्या खोलीचा वापर ‘दुकान’ असा दाखवला होता. तिथे माझी आई राहते. मी खोलीचे मोजमाप, घरगुती दराचे वीजबिल आणि फोटो जोडून मुदतीत लेखी हरकत दिली, पोच घेतली, सुनावणीला गेलो. नोंद दुरुस्त झाली.

भाडेमूल्यावर आकारणी असेल तिथे दुरुस्तीखर्चापोटी वार्षिक भाड्यातून १० टक्के वजावट मिळते. तीही पडताळून पाहावी.

निर्णय पटला नाही, तर मुंबईबाहेरच्या महापालिकांत १९४९ च्या अधिनियमातील कलम ४०६ नुसार १५ दिवसांत न्यायालयात अपील करता येते. मात्र त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. पेन्शनीवर घर चालवणाऱ्याला ते जड जाते. म्हणून कागद जमवायचे ते पहिल्या सुनावणीआधीच. हरकतीची मुदत नोटिशीतच छापलेली असते. आधी ती वाचा.