वंशावळीचा अभ्यास : आधी माणसं, मग कागद
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण)



निवृत्तीनंतरच्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोला, असा मला कमिटीचा आदेश आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळ पाळतोच, तेव्हा काळजी नसावी.

माझा छंद म्हणजे वंशावळ. हा शब्द आपल्याला भेटतो तो जातीच्या दाखल्याच्या फाईलमध्ये, नाहीतर सात-बारावर वारस लावताना. पण परदेशात हा रीतसर शिकवण्याचा विषय आहे. इंग्लंडमध्ये कँटरबरी इथे १९६१ सालापासून त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. स्कॉटलंडमधलं ग्लासगोचं स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ तर दूरशिक्षणाने यात एम.एस्सी.पर्यंत शिकवतं. त्याच विद्यापीठाचा फ्युचरलर्नवर सहा आठवड्यांचा एक छोटा अभ्यासक्रम आहे. सत्तराव्या वर्षी मी त्याला नाव घातलं. फुकट होता, हेही एक कारण! नातीने लॉगिन करून दिलं आणि "आजोबा, होमवर्क झाला का?" असं रोज विचारून पुरता सूड उगवला.

खरं सांगतो, विषय मला परका वाटलाच नाही. व्हाउचरशिवाय एंट्री नाही, हा आमचा बँकेतला धर्म. इथेही तेच. प्रत्येक नावामागे पुरावा हवा. ती मूळ नोंद आहे की नक्कल? सांगणारा प्रसंगी हजर होता की ऐकीव सांगतो आहे? दोन नोंदी जुळत नसतील तर सोयीची ठेवून दुसरी दडपायची नाही, फरक का पडला ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं.

पण तिकडची साधनं म्हणजे चर्चमधली रजिस्टरं आणि जनगणनेचे कागद. आपल्याकडे ती वेगळी. तलाठ्याकडचे फेरफार, सहा-क ची वारस नोंदवही, गाव नमुना चौदामधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, काही घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त. जुनं बरंचसं मोडीत. म्हणून पाठोपाठ मोडीचा वर्गही लावला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ असे वर्ग घेतं, राज्याचं पुराभिलेख खातंही घेतं. मोडी लिहिणारा हात उचलत नाही आणि वाचणारा डोकं वर काढत नाही, एवढं मी अनुभवाने सांगू शकतो.

आता माझ्या घरचं. वडिलांनी फुलस्केप कागदावर काढलेली आमची वंशावळ माझ्याकडे होती. सात पिढ्या, त्रेचाळीस नावं. त्यात बाई एकही नाही. माझी सख्खी आजीसुद्धा नाही. मी दोन वर्षांचा असताना ती गेली. घरात तिला सगळे 'बाई' म्हणत. आजोबा लवकर वारले आणि मुलांना चुलत आजोबांनी वाढवलं, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

या शास्त्राचा पहिला नियम आहे की सुरुवात स्वतःपासून करा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आधी विचारा. आमच्यात तशी एकच उरली होती, माझी आत्या. सांगलीला असायची, वय त्र्याण्णव. पण माझ्यातला बँकवाला म्हणाला, तोंडी गोष्टीला काय किंमत? आधी कागद जमवू, मग तिच्यापुढे नेऊन ठेवू. त्यात वर्ष गेलं.

वाई तालुक्यातल्या आमच्या गावचा १९३१ सालचा एक फेरफार हाती आला. मोडीतला. तीन संध्याकाळी बसून लावला. आजोबा मयत, वारस दोन अज्ञान मुलं, आणि पुढे 'अ.पा.क. आई' म्हणून आजीचं नाव, राधाबाई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणारी. सरकारदप्तरी मुलांची पालक म्हणून तीच उभी होती. चुलत आजोबांनी मदत केली असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या बाईच्या नावावर ती जबाबदारी होती, तिला आम्ही आमच्या कागदावर एक गोल काढूनही जागा दिली नव्हती.

तो कागद घेऊन मी सांगली गाठली. आत्याने मला ओळखलं नाही. "राधाबाईंचं माहेर कुठलं गं?" मी तीन-तीनदा विचारलं. ती हसली आणि चहा झाला का म्हणाली. वर्षभरापूर्वीपर्यंत तिला सगळं आठवत होतं, असं आतेभाऊ सांगत होता. पुढच्या दिवाळीच्या आधी ती गेली.

आज माझ्या वंशावळीत अठ्ठ्याऐंशी नावं आहेत, त्यात एकोणचाळीस बायका. राधाबाईंच्या माहेरच्या आडनावाच्या जागी मात्र प्रश्नचिन्ह आहे. कागदाने नव्वद वर्षं माझी वाट पाहिली, अजून दहा पाहिली असती. आत्याला तेवढी सवड नव्हती.

म्हणून तरुण मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. अभ्यासक्रम सावकाश करा, मोडीही सावकाश शिका. पण येत्या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून बसा. त्यांना सांगून, चोरून नाही. आईचं नाव, आजीचं नाव, दोघींची माहेरं, मूळ गाव, घरातली दुखणी, कोण कधी गाव सोडून गेलं, एवढं विचारा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. तेच तुमचं पहिलं व्हाउचर.

आपल्या सोसायटीच्या आय रजिस्टरमध्ये सभासदांची नावं आहेत, नॉमिनेशनमध्ये वारसांची. या पंचवीस वर्षांत माझ्या ओळखीची किती नावं त्या रजिस्टरात बदलली, ते मी खजिनदार असताना पाहिलं आहे. त्यांच्या आयांची नावं आपल्यापैकी कुणी विचारली होती का?

शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. मोडीतला कागद असेल तर घेऊन या. नसेल तर आजीला घेऊन या. ते जास्त बरं.