चहातली गोळी

पालकसभेत जे बोललो तेच येथे मांडीत आहे. मी डॉक्टर नव्हे, मास्तर. परंतु गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली आणि ओढणीत बांधलेली गोळ्यांची पट्टी काढून विचारू लागली, "सर, ही चहातून दिली तर त्यांना कळेल का?" (हे सांगण्यास त्या नवराबायकोची परवानगी आहे.)

गोळी डायसल्फिरामची, दारू सोडविण्याची. तिची हकीकत नवलाची आहे. कोपनहेगनचे याकोबसेन व हाल्ड हे संशोधक ती जंतांवर उपयोगी पडते का ते पाहत होते. त्यांनी ती स्वतःच घेऊन पाहिली आणि पुढे मद्य घेताच दोघांनाही त्रास झाला. १९४८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. दारूपासून शरीरात जे विषारी द्रव्य होते त्याची विल्हेवाट यकृत लावते. ही गोळी ते काम अडविते. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. या धास्तीने माणूस दारूपासून दूर राहतो. जो राजीखुशीने, घरच्यांच्या देखत रोज गोळी घेतो त्याला तिचा खरा आधार होतो.

पण ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखा पिणार! रक्तदाब एकदम उतरून जीवही जाऊ शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारास रुग्णाची संमती मागितली आहे, ती उगाच नव्हे.

मी म्हणालो, "भाभी, चहात नको. त्यांना डॉक्टरांकडे न्या." त्या म्हणाल्या, "मुलीचं लग्न व्हायचंय, सर."

येथेच गाडे अडते. दारू हराम, म्हणून ती आपल्या मोहल्ल्यात नाहीच, असे आपण धरून चालतो. लपवाछपवी मग बायकांच्या वाट्याला येते.

अखेर ते गेले. डॉक्टरांनी दारूआडची उदासी ओळखली आणि तिच्यावरही गोळी दिली. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच दिवसांत सुरू होते. पुष्कळ लोक तेथेच औषध टाकतात. यांनी ते रमजानात आपल्याच मनाने एकदम बंद केले. चक्कर, चिडचिड, झोप नाही. डॉक्टर म्हणाले, "अहो, विचारायचे तरी! वेळ बदलून दिली असती."

मध्यंतरी एकदा पाय घसरलाच. तरी औषध चालू आहे. गोळ्यांची पट्टी आता फळीवर उघडी असते.