व्यायामाला निमित्त हवं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'ज्येष्ठांचे आरोग्य'. समोर आपल्याच सोसायटीतले तीन डॉक्टर बसलेले असताना एका निवृत्त बँकवाल्याने आरोग्यावर बोलणं म्हणजे मॅनेजरसमोर शिपायाने लोन मंजूर करण्यासारखं आहे. म्हणून औषधपाण्याचं मी काही बोलत नाही. मी बोलणार आहे सवयीबद्दल. तो विषय मात्र बँकवाल्याचा आहे.

आमच्याकडे रिकरिंग डिपॉझिटची खाती उघडायला लोक मोठ्या उत्साहाने यायचे. 'बचत करायची ठरवलंय साहेब' म्हणणाऱ्यांचे हप्ते तीन-चार महिन्यांत थकायचे. पण 'वैशाखात मुलीचं लग्न आहे' किंवा 'जूनमध्ये पोराची फी भरायचीय' असं सांगून खातं उघडणारा माणूस, पगार कमी असला तरी, शेवटच्या हप्त्यापर्यंत यायचा. म्हणजे हप्ता टिकतो तो पुढे कोणीतरी उभं असतं म्हणून. नुसत्या बचतीसाठी भरलेला हप्ता कधीतरी सुटतोच.

आता आपल्या सकाळच्या ग्रुपकडे बघा. दर एक जानेवारीला पार्किंगमध्ये वीस-बावीस जण हात वर करून उभे असतात. होळी येईपर्यंत पाच उरतात. त्यातले दोन गप्पा मारायला येतात आणि एक कुत्र्याला फिरवायला! यात आळस हे एकच कारण नाही. आपण नाही गेलो तर कोणाचंच काही अडत नाही, हे खरं कारण आहे.

व्यायाम किती हवा याबद्दल शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात ६५ वर्षांवरच्या माणसांनासुद्धा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. हिशोब सोपा आहे. हप्ता भरायला रोज बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं, की व्यायामाला एखादं काम जोडा. असं काम, की ज्याची कोणीतरी वाट बघत असेल.

ही कल्पना माझी नाही. लंडनमध्ये 'गुडजिम' नावाची एक चळवळ आहे. तिचे संस्थापक आयव्हो गॉर्मली हे ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे धावत जाऊन वर्तमानपत्र पोचवत असत. त्यातून पुढे हे काम उभं राहिलं. तिथले लोक ठरलेल्या संध्याकाळी एकत्र जमतात, धावत एखाद्या शाळेत किंवा सार्वजनिक बागेत जातात, तिथे माती उपसणं, सामान हलवणं असलं अंगमेहनतीचं काम करतात आणि धावत परत येतात. काही जण दर आठवड्याला एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे धावत जातात, थोडा वेळ बसतात आणि परत फिरतात. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, ज्यांच्याकडे हे तरुण जातात त्या आजी-आजोबांना ते 'कोच' म्हणतात. कारण आजी वाट बघत असतात म्हणून तो तरुण पावसातही धावायला बाहेर पडतो. मदत कोण कोणाला करतंय, हे सांगणं अवघड व्हावं, इतकी ही देवाणघेवाण बरोबरीची आहे.

दुसरं उदाहरण स्वीडनचं. एरिक आलस्ट्रॉम यांनी २०१६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये पळता पळता कचरा उचलायला सुरुवात केली. स्वीडिश भाषेत उचलण्याला 'प्लोका' म्हणतात. तो शब्द आणि जॉगिंग मिळून 'प्लॉगिंग' झालं. आपल्याकडेही ते आलं. २ ऑक्टोबर २०१९ ला सरकारने देशभर प्लॉगिंगचा कार्यक्रम घेतला होता.

पण महाराष्ट्राला खराटा स्वीडनने दाखवायची गरज नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी दिवसभर गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. अलीकडचं सांगायचं तर पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये तीन तालुक्यांतून श्रमदानाची स्पर्धा सुरू केली आणि २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरांतून मोठ्या संख्येने माणसं कुदळ-फावडं चालवायला खेड्यांत गेली. आपल्यातले काही जण गेले होते. दोन दिवस त्यांच्या हाताचे फोड आम्ही बघत होतो! ते काम मोलाचंच. फक्त एक दिवसाचं श्रमदान हे फिक्स डिपॉझिट झालं. मी बोलतोय ते रिकरिंगबद्दल.

तेही आपल्या पुण्यात चालू आहे. वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर पहाटे जाणारी कितीतरी माणसं हातात पाण्याचा कॅन घेऊन चढतात आणि वर लावलेल्या रोपांना पाणी घालतात. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो वजन. दोन हातांत दोन कॅन घेतले तर दहा किलो. जिममध्ये याच वजनासाठी लोक महिन्याचे पैसे भरतात. आणि ते रोप काय करतं? ते वाट बघतं. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत आठवडाभर पाणी मिळालं नाही तर लहान रोप जळून जातं. त्यामुळे तो माणूस शनिवारी कंटाळा आला म्हणून झोपून राहत नाही. माझ्या रिकरिंगच्या खातेदारासारखंच आहे हे.

आता मी जरा गंभीर बोलतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्या एक ज्येष्ठ सभासद ताई सकाळी बाथरूममध्ये पडल्या. मुलगा परदेशात. फोन बेडरूममध्ये. सहा वाजल्यापासून त्या पडून होत्या. दहा वाजता कामवाल्या बाईंनी बेल वाजवली तेव्हा कळलं. आज त्या वॉकर घेऊन इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच मला दिली आहे. दूधपिशवी चार तास दाराच्या कडीला लटकत होती. मजल्यावरच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी सात वाजता शेजारच्यांची बेल वाजवायला कोणाकडे काही निमित्तच नव्हतं.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा निमित्तं भरपूर होती. विरजण मागायला, पेपर वाचायला, फोन करायला एकमेकांची दारं वाजत. आता विरजण ॲपवर मिळतं. सोय झाली, पण बेल वाजायची थांबली. मुलं मोठी होऊन बंगलोरला, अमेरिकेला गेली आणि एकेका फ्लॅटमध्ये दोघं, काही ठिकाणी एकटंच माणूस उरलं.

म्हणून माझी सूचना अशी आहे.

पहिली गोष्ट, सकाळच्या ग्रुपने पार्किंगमध्ये हात-पाय हलवून झाले की रोज एका विंगचा जिना चढायचा. जिना चढणं हा उत्तम व्यायाम आहे. ज्यांनी आपणहून नाव दिलं आहे, अशाच ज्येष्ठांची बेल वाजवायची. 'काका, उठलात ना?' एवढंच. दोन मिनिटं. चहाला बसायचं नाही, नाहीतर व्यायाम राहील बाजूला! बाकीच्या विंगमध्ये त्याच वेळी फोन जाईल. दार उघडलं नाही, फोन उचलला नाही, तर काय करायचं आणि किल्ली कोणाकडे आहे, हे आधीच लिहून ठेवायचं.

दुसरी गोष्ट, दर शनिवारी ज्यांना झेपेल त्यांनी मागच्या टेकडीवर पाणी न्यायचं. मात्र टेकडी वनखात्याची आहे. त्यांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या रोपांनाच पाणी घालायचं. बुंध्याशी आळं करून वर पालापाचोळा पसरला की ओल जास्त टिकते. कॅन उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यात वाका आणि वजन अंगाजवळ धरा. हर्निया, गुडघे, रक्तदाब, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. अर्ध्या लिटरची बाटली नेली तरी चालेल. झाड पावती मागत नाही.

तिसरी गोष्ट, महिन्यातून एक रविवार टेकडीच्या वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा गोळा करायचा. हातमोजे घालून आणि काचेला हात न लावता. तो सुका कचरा वेगळा करून आपल्याकडे येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना द्यायचा. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. आपणही सहकारी, त्याही सहकारी.

यावर कालच्या मीटिंगमध्ये एक आक्षेप आला. 'आपण टॅक्स भरतो, मग महापालिकेचं काम आपण का करायचं?' आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मी एक नियम सुचवतो. ज्या कामासाठी कोणाला पगार मिळतो ते काम आपण करायचं नाही. रस्ता झाडणाऱ्या ताईंचा झाडू हातात घेऊन फोटो काढायचा नाही. तो त्यांचा रोजगार आहे, आपली हौस नव्हे. आपण अशी कामं घेऊ, की जी आपण केली नाहीत तर कोणीच करणार नाही. शेजाऱ्याची सकाळची विचारपूस हे काम कुठल्याच महापालिकेच्या बजेटमध्ये नाही.

दुसरा आक्षेप मला खाजगीत आला. एक काका म्हणाले, 'माझी बेल वाजवू नका, मला कोणाची दया नको.' मी त्यांना तो 'कोच' शब्द सांगितला. म्हटलं, काका, तुम्ही दया घेऊ नका, ड्यूटी घ्या. कोण आलं, कोण आलं नाही, याची हजेरी तुमच्याकडे. दार उघडायचं, वहीत खूण करायची आणि उशीर झाला तर आम्हाला झापायचं. काका शाळेत शिक्षक होते. झापायचं म्हटल्यावर लगेच तयार झाले! ज्यांना जिना चढता येत नाही, त्या सगळ्यांना असंच काहीतरी देता येईल. कोणी फोन करेल, कोणी किल्ल्यांची यादी ठेवेल, कोणी मुलांकडून कॅन भरून घेईल.

तरुण मंडळींना एक विनंती. तुम्ही हजारो रुपये भरून जिमला जाता, जरूर जा. पण आठवड्यातला एक दिवस आमच्याबरोबर जिना चढा. दम आम्हाला लागेल, वाट बघायला तुम्ही शिकाल.

समितीकडे माझी मागणी फार मोठी नाही. नोटीस बोर्डावर दोन याद्या लावा. एक 'मी बेल वाजवणार' आणि दुसरी 'माझी बेल वाजवा'. दोन्ही याद्यांत एकाच माणसाचं नाव असलं तरी हरकत नाही. माझं दोन्हीकडे लिहून ठेवा. येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये जमू आणि 'ए' विंगपासून सुरुवात करू. किती जण आले, हे मला होळीनंतर मोजायचं आहे, एक जानेवारीला नाही.

रौप्यमहोत्सवात आपण इमारतीला रंग दिला, लिफ्ट नवी बसवली, सिंकिंग फंडाची तरतूद वाढवली. सगळं उत्तम झालं. या इमारतीत राहणाऱ्या माणसांसाठीसुद्धा एक तरतूद करून ठेवू, एवढंच माझं म्हणणं. त्याचा हप्ता रोजचा अर्धा तास.

 आता मुलांना जेवायला सोडू.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!