उतावळ्यास वाट

उतावळा सारथी मोटारीबरोबर जन्मास आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत २७९ वें कलम होतें. सार्वजनिक मार्गावर दुसऱ्याच्या जिवास धोका पोंचेल अशा अविचारानें गाडी हांकणें किंवा घोडा दौडविणें हा त्या कलमान्वयें गुन्हा होता. आणि मोटारीचा जन्म त्या वेळीं व्हावयाचाच होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी २८१ व्या कलमाच्या रूपानें हा गुन्हा कायम राहिला. कायदे बदलले, वाहनें बदललीं, परंतु घाईनें आंधळा झालेला मनुष्य तसाच राहिला. फरक इतकाच कीं, घोड्याला स्वतःचे डोळे होते व पुढें खड्डा दिसतांच तो थबकत असे. मोटारीला ती अक्कल नाहीं.

या फरकाची किंमत लहान नाहीं. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मृत्युमुखीं पडलीं. एकट्या महाराष्ट्रांतील संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें दर शंभर मृत्यूंपैकीं सुमारें ७१ मृत्यूंच्या मुळाशीं वाजवीपेक्षां अधिक वेग हें कारण होतें. मृतांमध्यें दर शंभरांत ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ वीस पायीं चालणारे. या पादचाऱ्यांनीं तर कोणतेंच वाहन हातीं घेतलें नव्हतें. तेव्हां उतावळेपणा एकाचा व शासन दुसऱ्यास, असा हा उलटा न्याय रस्त्यावर रोज चालतो.

हा न्याय कसा घडतो हें पाहावयाचें तर ठाणें जिल्ह्यांतील एक रस्ता डोळ्यांपुढें आणावा. उल्हास नदीस मिळणाऱ्या बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत धरण बांधलें. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या बाजूच्या वस्तीला व कारखान्यांना त्या बारवी धरणाचें पाणी मिळतें. बदलापूरहून या धरणावरून मुरबाडकडे रस्ता जातो. पावसाळ्यांत तेथील डोंगर हिरवे होतात, ओढे भरतात, आणि रविवारीं शहरांतील मंडळी गाड्या काढून तिकडे निघतात. रस्ता रानांतून वळणें घेत जातो. वळणापलीकडे काय आहे तें वळल्याखेरीज कळत नाहीं.

अशा रस्त्यावर एकाच वेळीं निरनिराळ्या घड्याळांवर चालणारे लोक एकत्र येतात. मालाच्या ट्रकला पोंचण्याची वेळ गांठावयाची असते. दुचाकीवरून बदलापूरच्या स्टेशनाकडे निघालेल्यास लोकलची वेळ गांठावयाची असते. सहलीच्या गाडींतील तरुणांना कोणतीच वेळ गांठावयाची नसते, आणि बहुधा त्यांनाच सर्वांत अधिक घाई असते. कडेनें डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या पाड्यावरील बाईला घड्याळच नसतें. या सर्वांना मिळून डांबराचा एकच पट्टा.

येथें सुरक्षित राहूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें प्रथम एक गोष्ट मनाशीं ठरवावी. उतावळ्या चालकाची सुधारणा करण्याची जागा रस्ता नव्हे. त्यास शिक्षा करणें पोलिसांचें काम, शिकविणें घराचें व शाळेचें. रस्त्यावर त्याच्यापासून दूर राहणें एवढेंच इतरांच्या हातीं असतें. हें ‘दूर राहणें’ म्हणजे भ्याडपणा, असें पुष्कळांना वाटतें आणि तेथेंच घात होतो. मागून भोंगा वाजवीत कोणी आला कीं भल्या भल्या गृहस्थांच्या मनांत ‘याला कां म्हणून पुढें जाऊं द्यावें?’ असा प्रश्न उठतो. त्या क्षणापासून रस्त्यावर एक उतावळा नसतो; दोन असतात.

वेगाचा हिशेब साधा आहे, परंतु तो फारसा कोणी करीत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. संकट दिसल्यावर पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद, दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी वीस मीटर लागतात, आणि ओल्या रस्त्यावर तींस-पस्तीस. म्हणजे पावसांत साठच्या वेगानें निघालेल्या गाडीस थांबावयाला पन्नास मीटरांहून अधिक मोकळी जागा हवी. वेग ८० केला तर ब्रेक लागल्यानंतरचें अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतें, कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. पुढील गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशीं पोंचली कीं ‘एकशें एक, एकशें दोन, एकशें तीन’ असें सावकाश मोजावें. मोजणें संपण्यापूर्वीं आपली गाडी त्या खांबापाशीं येत असेल तर अंतर अपुरें आहे. पावसांत हीच मोजणी पांच-सहांपर्यंत न्यावी.

आतां मागून अगदीं चिकटून येणाऱ्याचें काय करावें? त्यास धडा शिकविण्यासाठीं एकदम ब्रेक दाबणें हा आत्मघात होय. वेग वाढवून पळणेंहि व्यर्थ, कारण तोहि वाढवितो. शहाणा चालक अशा वेळीं पुढील गाडीपासूनचें अंतर वाढवितो. पुढें मोकळी जागा असली म्हणजे त्यास कधीं एकदम थांबावें लागत नाहीं, आणि जो एकदम थांबत नाहीं त्याच्यावर मागचा आदळत नाहीं. नंतर रस्ता जेथें सरळ व रुंद असेल तेथें डावीकडे होऊन वेग हळूहळू कमी करावा आणि त्या गृहस्थास जाऊं द्यावें. पुढें गेलेला उतावळा निदान दिसतो तरी. पाठीमागचा उतावळा हा सदैव टांगती तरवार असतो.

दुसरा प्रसंग पुढें काढण्याचा. ताशीं ४० च्या वेगानें जाणाऱ्या ट्रकला ६० च्या वेगानें मागें टाकावयाचें, तर मोटारीस ट्रकपेक्षां सुमारें ४० मीटर अधिक जावें लागतें. त्यास सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत मोटार ११५ मीटरांहून अधिक जाते, आणि समोरून साठच्याच वेगानें कोणी येत असेल तर तोहि तितकाच जवळ येतो. म्हणजे पुढील जवळजवळ अडीचशें मीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तर पुढें काढण्याचा विचारहि करूं नये. बारवीकडील वळणांवर इतकी दृष्टि फार थोड्या ठिकाणीं पोंचते. म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणावर समोरून कोणी चुकीच्या बाजूनें येतच आहे असें धरून डावी बाजू सोडूं नये, वेग आधींच उतरवावा व भोंगा द्यावा. समोर तसा कोणी खरोखरच दिसला तर ताबडतोब ब्रेक लावून डावीकडे सरावें. उजवीकडे वळून त्यास चुकविण्याचा मोह धरूं नये, कारण ऐन वेळीं तोहि आपल्या मूळ बाजूस परतूं पाहतो. आणि कोणी आपल्यास पुढें काढीत असतां वेग वाढविणें कायद्यानेंहि निषिद्ध आहे. उलट किंचित् वेग कमी करून त्यास लौकर आंत येऊं द्यावें; समोरून गाडी आलीच, तर ती फक्त त्याच्यावर आदळून थांबणार नाहीं.

रात्रीं समोरचा मनुष्य प्रखर झोत खालीं करीत नसेल, तर सूड म्हणून आपलाहि झोत वर करूं नये. दोन आंधळे एकमेकांजवळून जाण्यापेक्षां एकच आंधळा असणें बरें. नजर झोताकडे न ठेवतां रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी व वेग उतरवावा. पहिल्या पावसांत तर विशेष जपावें; महिनोन्‌महिने रस्त्यावर सांचलेलें तेल व धूळ पाण्यांत मिसळून निसरडा थर तयार होतो.

दुचाकीवरच्या मनुष्याभोंवतीं पत्र्याची भिंत नसते; म्हणून त्यानें आपण इतरांस दिसतों कीं नाहीं याची चिंता अधिक करावी. ट्रकच्या आरशांत त्या ट्रकच्या चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्या चालकासहि दुचाकी दिसत नाहीं, हा साधा ठोकताळा ध्यानांत धरावा. हेल्मेट चालविणाऱ्यास जितकें आवश्यक तितकेंच पाठीमागें बसणाऱ्यासहि. २०२२ सालीं हेल्मेट नसलेले पन्नास हजारांहून अधिक लोक भारतांत मरण पावले. पायीं चालणाऱ्यानें पदपथ नसेल तेथें रस्त्याच्या उजव्या कडेनें चालावें, म्हणजे येणारें वाहन पाठीवर न येतां डोळ्यांसमोर येतें.

मोटारीच्या मागील आसनावर बसलेल्यास पट्ट्याची गरज नाहीं, हा समज सुशिक्षित घरांतूनहि दृढ आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघातीं अंत झाला. ते व त्यांच्याबरोबर मृत्यु पावलेले गृहस्थ, दोघेहि मागें बसले होते व त्यांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. पुढें बसलेलीं दोघें जखमी झालीं, पण वांचलीं. गाडी किती भारी किंमतीची आहे हें त्या क्षणीं कोणी विचारीत नाहीं.

एकट्या मनुष्याच्या सावधपणाचा उपयोग किती, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर स्वीडन देशानें नकळत देऊन ठेवलें आहे. तेथें पूर्वीं वाहनें डाव्या बाजूनें चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं सर्व देशानें एका दिवसांत उजवी बाजू धरली. मोठा गोंधळ व अपघात होतील अशी भीति होती. प्रत्यक्षांत अपघात कमी झाले. समोरचा चुकेल या भीतीनें प्रत्येकजण जपून चालला. पुढें संवय झाली, भीति गेली आणि अपघातांची संख्या पूर्ववत् झाली. माणसें तींच, गाड्याहि त्याच. बदलला होता तो केवळ दुसऱ्याच्या चुकीसाठीं ठेवलेला अवकाश.

हा अवकाश रस्ता बांधणाऱ्यासहि ठेवतां येतो. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गावर २०१६ सालीं १५१ जणांचे बळी गेले. त्यानंतर कठडे नीट करणें, कडेचे धोकादायक अडथळे झांकणें, वेगावर देखरेख ठेवणें असे उपाय योजण्यांत आले आणि मृत्यूंची संख्या बरीच खालीं आली. चालकांचे स्वभाव कांहीं एकाएकीं पालटले नव्हते. चुकीची शिक्षा मात्र सौम्य झाली होती. बारवीसारख्या आडरस्त्यांनाहि वळणावर आरसा, कडेला कठडा व पांढरी रेघ हवीच. आणि त्यांची मागणी करणें हेंहि नागरिकाचें काम आहे.

अपघात झालाच, तर बघ्यांच्या गर्दींत उभें राहणें हें सुशिक्षितास शोभत नाहीं. आपल्यामागें चौकशीचा ससेमिरा लागेल ही भीति पूर्वीं खरी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानें आणि मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या कलम १३४अ मुळें सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण मिळालें आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ वर पोलिसांची मदत मिळते. बेफाम गाडीचा क्रमांक व ठिकाण कळवावयाचें, तर तेंहि गाडी बाजूस उभी करून. चालत्या गाडींत मोबाईल हातीं धरणें हेंच मुळीं कायद्यानें धोकादायक वाहनचालन ठरतें.

येथवर उतावळा चालक कोणी परका आहे असें धरून विवेचन झालें. परंतु प्रत्येक उतावळा चालक कोणाच्या तरी घरांतूनच बाहेर पडतो. मुलाला गाडी घेऊन दिल्याचा दिवस पेढे वांटून साजरा होतो. त्यानें बदलापूरहून मुरबाड किती मिनिटांत गांठलें हें जेवणाच्या वेळीं कौतुकानें ऐकलें जातें. आणि पाठीमागें बसलेली आई पदराची गांठ घट्ट धरून गप्प बसते, कारण बोललें तर मुलाचा हिरमोड होईल. वास्तविक त्या गाडींत सर्वांत मोठा अधिकार तिचा आहे. ‘हळू घे, नाहीं तर मला येथेंच उतरव’ हें तिनें एकदां निश्चयानें म्हटलें, तर पोलिसाच्या दंडापेक्षां त्याचा परिणाम अधिक होईल. भाड्याच्या जीपमधील प्रवाशांनाहि हाच अधिकार आहे. बाराजणांनीं संकोचानें गप्प राहावें व एकानें त्यांच्या जिवाशीं खेळावें, यांत सभ्यता नाहीं.

धरणाच्या रस्त्यावर दहा किलोमीटर जातांना साठऐवजीं ऐंशींचा वेग ठेवला, तर बरोबर अडीच मिनिटें वांचतात. घरीं वाट पाहणाऱ्या माणसांस तेवढा उशीर कधींच जड जात नाहीं.