काढा केव्हा, प्रतिजैविक केव्हा?

पोलादाची भिलाई आणि पेनिसिलिनची पिंपरी ही सार्वजनिक क्षेत्राची एकाच दशकातील अपत्ये. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा प्रश्न औषधाच्या टंचाईचा होता. आज भिलाईच्या कोहका भागात काय किंवा पिंपरीत काय, ते केव्हा घ्यावे हा प्रश्न आहे.

सर्दी व बहुतांश खोकला विषाणूजन्य असतो. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. अकारण घेतल्यास प्रतिरोधी जिवाणूंचेच फावते. अशा वेळी घरगुती उपचार बहुधा पुरतो. अडुळशाला तर आधुनिक औषधशास्त्रातही स्थान आहे : त्यातील वासिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. मात्र कफ सुटणे म्हणजे जंतुसंसर्ग बरा होणे नव्हे.

खरे भय न्यूमोनियाचे. खोकणाऱ्या बालकाच्या श्वासांची गती 2 ते 12 महिने वयात मिनिटाला 50 किंवा अधिक, 1 ते 5 वर्षे वयात 40 किंवा अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार न्यूमोनिया समजून उपचार करावयाचे असतात. येथे काढ्यात दवडलेला दिवस जिवावर बेततो. अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविकच हवे, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या अनुसूची एच-1 मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही 3 वर्षे जपणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. अमॉक्सिसिलिन मात्र अनुसूची एच मध्येच आहे. चिठ्ठी तेथेही सक्तीची; पण गल्लीतल्या दुकानात ती मागितली जातेच, असे नाही.