पहिली छोटी कुऱ्हाड कशी निवडायची? (एपिसोडचा लिखित मजकूर)

कॅम्पिंगच्या सामानावरचा एपिसोड गेल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय, "दादा, बुशक्राफ्टसाठी छोटी कुऱ्हाड कुठली घेऊ?" काहींनी तर थेट लिंक पाठवल्यात. ही घेऊ की ती?

लिंकांकडे येतो. आधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी मी प्रोजेक्टसाठी स्वीडनला, गोथेनबर्गला आलो. इथे 'अलेमान्सरेट्टेन' नावाचा हक्क आहे. जंगलात कुणीही फिरावं, एखादी रात्र तंबू टाकून राहावं. मात्र जिवंत झाडाला हात लावायचा नाही, आणि कोरड्या उन्हाळ्यात आगीवर बंदी आली की चूलही पेटवायची नाही. वाटेवर बऱ्याच ठिकाणी तीन बाजूंनी बंद असलेले लाकडी निवारे असतात. काही ठिकाणी जळणासाठी ओंडकेही रचून ठेवलेले असतात. पण पावसात ते बाहेरून ओले होतात. कोरडं लाकूड आत असतं, म्हणून ओंडका फोडावा लागतो. इथल्या जंगलात कुऱ्हाड लागते ती मुख्यतः यासाठी.

आता मी पडलो इंजिनिअर. एक्सेल उघडली, किंमत, वजन, लांबी असे कॉलम टाकले आणि सगळ्यात हलकी, सगळ्यात आखूड कुऱ्हाड घेतली. लॉजिक साधं होतं, छोटी म्हणजे सेफ.

ऑक्टोबर महिना, झिमझिम पाऊस. मी उभा राहून जमिनीवरच्या ओंडक्यावर घाव घालत होतो. एक घाव गाठीवर बसला, पातं घसरलं आणि सरळ माझ्या डाव्या नडगीवर आलं. पँट फाटली, आतलं थर्मल फाटलं, पाच टाके पडले. सोबतच्या कलीगने खांद्याचा आधार देत रस्त्यापर्यंत आणलं. आईला अजून "सायकलवरून पडलो" एवढंच माहितीये. आई, ऐकत असशील तर सॉरी.

'स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं' आपण शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकतो. मी प्रॅक्टिकल दिलं.

चूक कुठे झाली? भूमितीत. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर तिचा फेरा बहुतेक वेळा जमिनीत संपतो. आखूड कुऱ्हाड जमिनीपर्यंत पोचतच नाही. तिचा फेरा गुडघ्याशी, नाहीतर नडगीशी संपतो. म्हणजे उभं राहून वापरली तर छोटी कुऱ्हाड जास्त धोक्याची! ती गुडघे टेकूनच वापरायची. समोर जाड ठोकळा ठेवायचा आणि लाकूड ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेजवळ ठेवायचं. मग घाव चुकला तरी पातं ठोकळ्यात नाहीतर जमिनीत जातं.

बारीक लाकडासाठी त्या कलीगने याहून सोपी रीत दाखवली. पात्याची धार लाकडाच्या टोकाला टेकवायची, कुऱ्हाड आणि लाकूड एकत्र धरायचं, आणि दोन्ही मिळून ठोकळ्यावर आपटायचं. नेम धरायची भानगडच नाही.

हे कळल्यावर निवड सोपी होते. पहिला प्रश्न ब्रँडचा नाहीच. काम काय करणार, हा आहे.

फक्त काटक्या, ढलप्या काढायच्या, चमचा-बिमचा कोरायचा, तर साधारण ३५ सेंटीमीटर दांडा आणि अर्ध्या किलोच्या आसपास पातं पुरतं. ही एका हाताची कुऱ्हाड. दंडाएवढे ओंडके फोडायचे असतील तर ४८-५० सेंटीमीटरचा दांडा आणि ७०० ग्रॅमच्या आसपासचं पातं बघा. ती दोन्ही हातांनी धरता येते आणि सॅकच्या बाजूलाही मावते. माझ्याकडे आता हीच आहे. पण गुडघे टेकायचा नियम तिलाही लागू, कारण एवढ्या लांबीलाही नडगी टप्प्यातच असते.

दुसरं, पात्याचा आकार. गाल पातळ असतील तर ते छान कापतं, कोरतं, पण फोडताना लाकडात रुतून बसतं. गाल जाड, पाचरीसारखे असतील तर लाकूड पटकन उकलतं, पण कोरताना वैताग येतो. एकच घ्यायची असेल तर मधली घ्या.

तिसरं, दांडा. दुकानात गेलात तर हे नक्की करा. दांड्याचं खालचं टोक बघा. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेत, उभ्या धावायला हव्यात. आडव्या असतील तर दांडा मोडायची भीती जास्त. मग धार वर करून, एक डोळा मिटून दांड्याच्या रेषेत बघा. पातं तिरकं बसलेलं लगेच दिसतं. शेवटी दांडा बसतो ते नेढं तपासा. पाचर घट्ट हवी, फट नको. ढिलं पातं उडालं तर समोरच्याचं काय होईल, विचार करा.

ब्रँडचं म्हणाल तर फिनलंडची फिस्कार्स १६४९ पासूनची, स्वीडनची हुल्ट्स ब्रूक १६९७ पासूनची. ग्रॅन्सफोर्श ब्रूकच्या पात्यावर तर घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरं असतात. वस्तू सुंदर आहेत, किमतीही तशाच. फिस्कार्सचा प्लास्टिकसारखा दांडा दणकट असतो, पण मोडलाच तर नवा बसवता येत नाही. लाकडी दांडा बदलता येतो. आणि कितीही महाग घ्या, धार तुम्हालाच लावावी लागणार. बोथट कुऱ्हाड जास्त घसरते. त्यामुळे बजेटमध्ये धारेचा दगड आणि पात्याचं म्यान आधी धरा.

आता महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी. लिंका पाठवणाऱ्यांपैकी बहुतेक जण सह्याद्रीत जाणारे आहात. तुम्हाला माझं उत्तर आहे, घेऊ नका. हरिश्चंद्रगड काय, भीमाशंकर काय, हा अभयारण्याचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या व्याख्येत सुऱ्यासुद्धा येतात. राखीव जंगलात लाकूड तोडणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. तिथे छोटा गॅस स्टोव्ह न्या, चहा तेवढाच गरम होतो.

शिकायचंच असेल तर स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतावर शिका. आणि कुऱ्हाड ऑनलाइन मागवण्याआधी गावच्या लोहाराकडे जा. आमच्या आजोबांची कुऱ्हाड तशीच घडवलेली, बाभळीचा दांडा. गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी ती उचलली, डोळा मिटून दांड्याच्या रेषेत बघितली. पातं अगदी सरळ! आजोबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "कुऱ्हाड कळली वाटतं तुला. मग पायाला काय झालंय ते सांग आता."

घरात शिरल्यापासून मी फुल पँटमध्ये होतो. त्यांनी कसं ओळखलं, मला अजून माहीत नाही. कदाचित ज्यांनी आयुष्यभर कुऱ्हाड वापरली, त्यांना ती दुसऱ्याच्या हातात बघूनच कळत असावं.

तर लिंका पाठवत राहा, पण सोबत दोन गोष्टी लिहा. काम काय आहे, आणि कुठे वापरणार आहात. मग बोलू. पुढच्या भागात धार लावायला बसू. तोवर गुडघे टेका आणि पाय सांभाळा.