रोमच्या जुन्या यात्रावाटेची तयारी

(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या ज्युबिलीची स्मृति म्हणून या धर्मग्रामांतून रोमची पायीं यात्रा निघावी, अशी इच्छा आपल्यापैकीं कित्येकांनीं माझ्यापाशीं व्यक्त केली आहे. ही इच्छा मला अत्यंत प्रिय वाटते. परंतु यात्रा इच्छेनें ठरते आणि तयारीनें घडते. म्हणून त्या तयारीविषयीं चार शब्द बोलण्याची आपण मला अनुज्ञा द्यावी.

रोमला जाणारे आपले बहुतेक लोक विमानानें जातात, बसमधून हिंडतात आणि आठ-दहा दिवसांत परत येतात. त्यांत दोष नाहीं. वृद्धांना व आजाऱ्यांना तोच मार्ग योग्य आहे. परंतु संत पेत्राच्या समाधीकडे जाणारी एक फार जुनी पायवाटहि आहे. तिला ‘व्हिया फ्रांचिजेना’, म्हणजे फ्रँक लोकांच्या देशाकडून येणारी वाट, असें म्हणतात. इ. स. 990 मध्यें कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक हे पोपमहाराजांच्या हातून पॅलियम हें अधिकारवस्त्र स्वीकारण्यासाठीं रोमला गेले. त्यांच्या परतीच्या प्रवासांतील 79 मुक्कामांची यादी आजहि उपलब्ध आहे, आणि मुख्यतः तिच्याच आधारें हा मार्ग आपल्या काळीं पुन्हां आंखण्यांत आला. इंग्लंडपासून निघून, फ्रान्स ओलांडून, आल्प्स पर्वतांतील 2,469 मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीवरून तो इटलींत उतरतो. त्याची लांबी सुमारें 2,000 किलोमीटर आहे. युरोप परिषदेनें 1994 सालीं त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. तरीहि या वाटेवर वर्दळ थोडी. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेचें पूर्तिपत्र 2024 या एका सालीं सुमारें 5 लाख यात्रेकरूंनीं घेतलें. येथें मात्र दिवसभर चालूनहि दुसरा यात्रेकरू न भेटण्याचा संभव असतो. मला तर हा या वाटेचा गुणच वाटतो. जेथें गर्दी नाहीं तेथें प्रार्थनेला अवकाश असतो.

सबंध वाट चालणें आपणांस शक्य नाहीं. वितेर्बो नगरापासून रोमपर्यंतचा अखेरचा सुमारें 100 किलोमीटरांचा भाग आपण घ्यावा, असें मी सुचवितों. त्याचे पांच टप्पे होतात: वेत्राल्ला, सुत्री, कांपान्यानो, ला स्तोर्ता आणि रोम. कोणताहि टप्पा 30 किलोमीटरांहून अधिक नाहीं. वितेर्बो हें तेंच नगर, जेथें 1268 पासून 1271 पर्यंत पोपमहाराजांची निवड रखडली होती. सुत्रीस खडकांत कोरलेलें एक लहान देऊळ आहे; त्याच्या भिंतीवर जुन्या काळच्या यात्रेकरूंचीं चित्रें आहेत. ला स्तोर्ता येथें 1537 सालीं संत इग्नेशियस लोयोला यांना, रोमला जात असतां, क्रूस वाहणाऱ्या प्रभूचें दर्शन घडलें. त्यांच्याच संघाचे संत फ्रान्सिस झेवियर पांच वर्षांनीं, 6 मे 1542 रोजीं, गोव्याच्या किनाऱ्यास उतरले. म्हणून त्या गांवीं उभें राहतांना आपणांस परकेपणा वाटूं नये. तेथून पुढें मोन्ते मारियो ही टेकडी लागते. तिच्यावरून संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट दिसतो. जुने यात्रेकरू तिला आनंदाची टेकडी म्हणत.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. जुलै-ऑगस्टचें ऊन टाळावें. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर हा काळ बरा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो. तो शेवटच्या आठवड्यावर ठेवूं नये. बूट निदान दोन महिने वापरून पायांस सरावलेले असावेत. पाठीवरचें ओझें आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षां अधिक नसावें. ज्या वस्तूविषयीं शंका येईल ती घरीं ठेवावी. दर रविवारीं मिस्सेनंतर आपण मिळून चालूं: प्रथम 8 किलोमीटर, मग 12, मग 20. यात्रेकरूचें ओळखपत्र प्रत्येक मुक्कामीं शिक्का मारून घ्यावें लागतें; अखेरचे निदान 100 किलोमीटर पायीं चालल्याचें त्यावरून दिसलें कीं रोममध्यें यात्रापूर्तीचें प्रमाणपत्र मिळतें. यासाठीं कोणीहि कर्ज काढूं नये. कर्ज काढून केलेल्या यात्रेचें पुण्य सावकाराच्या वहींत जमा होतें.

बंधुजनहो, इतकें सर्व केलें तरी खरी तयारी अद्याप राहिलीच. पूर्वींचा यात्रेकरू घर सोडण्यापूर्वीं मृत्युपत्र करी, देणीं फेडी, ज्यांच्याशीं वैर असेल त्यांची क्षमा मागे, पापनिवेदन करी. आणि मग धर्मगुरु त्याच्या काठीला व झोळीला आशीर्वाद देत. परत येणें त्याच्या हातीं नव्हतें, म्हणून तो सर्व हिशेब पुरा करून उंबरठा ओलांडी. आपण परतीचें तिकीट खिशांत घालून निघतों, आणि म्हणूनच हिशेब तसेच मागें ठेवून जातों.

आणि ज्युबिली म्हणजे तरी काय? लेवीय ग्रंथाच्या 25व्या अध्यायांत देवानें आज्ञा केली कीं, दर पन्नासाव्या वर्षीं ज्याची जमीन त्याला परत मिळावी आणि दासानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबांत जावें. 1300 सालीं पोप बोनिफास आठवे यांनीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें, तेव्हां रोमच्या महामंदिरांच्या दर्शनाबरोबर पश्चात्ताप व पापनिवेदन यांचीहि अट घातली. 2025 च्या पवित्र वर्षापर्यंत ही परंपरा चालत आली आहे. म्हणजे ज्युबिलीचा आरंभ रोषणाईंत नव्हे, बांधावर होतो. आपल्या धर्मग्रामांत काय चाललें आहे, हें आपण जाणतां. वाडीला भाव आला आणि भावाला भाव उरला नाहीं. एकाच विहिरीचें पाणी प्यालेले सख्खे भाऊ आज न्यायालयाच्या दारांत पाठ फिरवून उभे राहतात. बहिणीची सही घेण्यापुरती बहिणीची आठवण होते. आणि रविवारीं तींच माणसें एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात. वेदीपाशीं दान घेऊन आलेल्यालाहि प्रभूनें आधीं भावाशीं समेट करावयास परत पाठविलें. मग आपणांस रोमला जाऊं देईल काय?

म्हणून माझी एकच विनंति आहे. जो कोणी नांव नोंदविण्यास येईल त्याला मी एकांतांत एकच प्रश्न विचारणार आहें: या धर्मग्रामांत आपण कोणाशीं बोलत नाहीं? उत्तर मला नको. तें त्यानें मनांत ठेवावें आणि निघण्यापूर्वीं त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन यावें. तो ओटा शंभर पावलांवर असेल. परंतु हीं शंभर पावलें त्या शंभर किलोमीटरांहून कठीण आहेत, हें मला ठाऊक आहे. समोरच्यानें दार न उघडल्यास दोष आपणांवर नाहीं. जाऊन येणें मात्र आपलें काम.

या भूमीला पायीं यात्रा नवी नाहीं. आपल्या शेजारचे वारकरी पिढ्यान् पिढ्या पंढरीस चालत जातात. आणि वसईच्या मातींत जन्मलेले आपले संत गोन्सालो गार्सिया? 1597 च्या हिवाळ्यांत त्यांना व त्यांच्या सोबत्यांना क्योटोहून नागासाकीपर्यंत, बव्हंशी पायीं, मरणाकडे नेण्यांत आलें; आणि 5 फेब्रुवारीस ते क्रुसावर देवाघरीं गेले. 8 जून 1862 रोजीं त्यांस संतपद मिळालें, तें त्याच रोमनगरींत, जेथें आपण जाऊं इच्छितां. मारणाऱ्यांविषयीं ज्यांनीं मनांत वैर ठेवलें नाहीं, त्यांचे आपण गांवकरी आहों.

ज्यांना जाणें शक्य नाहीं, त्यांनीं दुःख करूं नये. यात्रेचे ते पांच दिवस त्यांनीं सायंकाळीं देवळांत एकत्र जमून जपमाळ म्हणावी, आणि तो ओटा त्यांनींहि चुकवूं नये. अशी तयारी दहा घरांत झाली, आणि मग एकादें विघ्न येऊन रोमची यात्रा राहिलीच, तरी या ज्युबिलीचें सार्थक झालें असें मी समजेन.

पवित्र मरिया आपली वाटाडी होवो आणि प्रभु आपलीं पावलें शांतीच्या मार्गांत स्थिर करो, हीच माझी प्रार्थना.